राणीच्या अंगावर माहं लुगडं

लेकराच्या तोंडात कापूस गेलता अन् सगळं गाव हसून राह्यलं व्हतं.

मी पडद्यामागं उभी व्हते. पडद्याला फट व्हती, तिच्यातून दिसत व्हतं. स्टेजावर माहे मालक, माहं लुगडं नेसून, कपाळाला कुंकू लावून, अन् छातीशी आमचं लेकरू, अजून नीट बसायलाबी न शिकलेलं. त्यानं तोंड त्यांच्या चोळीत घातलेलं. चोळीत कापूस भरलेला व्हता, आमच्याच शेतातला, मीच पिंजून दिलता. लेकरानं ओढून ओढून चोळीची कड खाली आणली, कापसाचा पुंजका बाहेर आला, त्यानं तो चोखायला घेतला. समोरून कुणीतरी वरडलं, "अगं राणी, पाज की, उपाशी काहून ठेवती?" मंग तर लोक मांड्या बडवून हसायला लागले. हे दगडावाणी उभे. त्यांना वाटलं लेकरू निस्तं चाळा करतंय. पण मला लेकराचे पाय दिसत व्हते. पाय ताठ झालते. रडू ऐकू येईना. रडणाऱ्या लेकराचं भ्या नसतं, न रडणाऱ्याचं असतं, हे त्या हसणाऱ्या बाप्या माणसांना कुठून कळावं.

मी तशीच पळाले. पडदा कुठून वर करायचा ते बी सुचंना, खालूनच घुसले, डोक्यावरचा पदर पडद्याच्या दोरीला अडकून डोक्यावरून खाली आला, केस सुटले.

हे सगळं काहून झालं ते आधी सांगावं लागंल, न्हाईतर तुमी म्हणाल ही बाई स्टेजावर गेलीच कशाला.

मी मंठ्याकडची. दुसरीपातुर शिकले, ती बी मोगलाईतली शाळा, अर्धं उर्दू अर्धं मराठी, दोन्ही अर्धंच राह्यलं. लग्न होऊन टेंभुर्णीच्या बाजूला आले. सासरी शेती, घरात सासू-सासरे, मालक अन् मी. मोगलाई जाऊन काही वर्षं झाली व्हती, गावात नवीन मास्तर आलते, अन् मास्तरच्या डोक्यात नाटक आलतं. ते म्हणायचे, निजामाच्या राज्यात आपण आपलं जुनं सगळं विसरलो, आता आपलं राज्य आलं, आपलं जुनं नाटक आपण करायचं. हजार वर्षांच्या आधीचं नाटक म्हणे. गोष्ट तशी साधी. राजा रानात शिकारीला येतो, ऋषीच्या आश्रमातली पोरगी बघतो, तिच्याशी लग्न लावतो, निघून जातो, अन् विसरतो. पोरगी दरबारात जाती तर म्हणतो, कोण ही बाई, मी वळखत न्हाई. जुन्या नाटकात ती पोटुशी असती, मास्तरनी तिच्या कडेवर लेकरू दिलं. म्हणाले, लोकांना लांबून दिसलं पाहिजे.

राजाचं काम शेठजीच्या पोराला दिलं, कारण पडदा शेठजींनी भोकरदनहून आणलता. जुना पडदा, त्याच्यावर इंग्रजाचा बंगला काढलेला, मधी कारंजं. तोच ऋषीचा आश्रम अन् तोच राजाचा दरबार. अन् पोरगी झाले आमचे मालक. गावात ह्यांच्याएवढा बारीक आवाज कुणाचा नव्हता, मिशीबी धड फुटली नव्हती. बाई स्टेजावर चढत नसती. जी चढती ती तमाशातली.

तालीम आमच्याच अंगणात व्हायची, दिवस मावळायच्या आत. आत्याबाई म्हंजे माह्या सासूबाई वसरीवर डाळ निवडत बसायच्या, मी भाकरी थापत ऐकायचे. ऐकून ऐकून मला सगळं पाठ झालं. एक दिवस मास्तर समजावून सांगत व्हते, राजा वाईट नसतो, त्याला शाप असतो म्हणून तो विसरतो. माह्या तोंडातून निघून गेलं, "बाई विसरायला माणसाला शाप कशाला लागतो?"

मास्तर हसले. "बोला वहिनी, बोला."

"मी काय बोलू. आमच्या गल्लीत दोघी हायेत टाकलेल्या. कुणी शाप दिलता?"

आत्याबाईंनी डाळीतून मान वर केली न्हाई, पण त्यांचा हात थांबला. हे म्हणाले, "तू भाकरी बघ, करपून राह्यली." मास्तर मात्र म्हणाले, वहिनी, ही पोरगी म्हंजे निस्ती पोरगी न्हाई, हा आपला मुलूख हाय, आपली भाषा हाय, तिला आपण विसरलो. त्यांचे डोळे पाण्यानं भरले. मास्तर चांगला माणूस. ते तिला मुलूख समजायचे, मी तिला बाई समजत व्हते, एवढाच फरक.

आता एक गोष्ट सांगते, ती आजपातुर कुणाला सांगितली न्हाई. लुगडं नेसलं की हे येगळेच व्हायचे. मी त्यांना निऱ्या घालायला शिकवलं, चालायला शिकवलं, खाली बसताना काष्टा कसा सांभाळायचा ते दाखवलं. नऊवार नेसून अंगणात दोन चकरा मारल्या अन् म्हणाले, "अगं, ह्याच्यात तू पाणी कसं भरती? पाय दुखत न्हाईत तुहे?" लग्नाला दोन वर्षं झालती, पहिल्यांदाच इचारलं. मंग लुगडं नेसलं की माह्या जवळ बसायचे, लेकरू कसं धरावं इचारायचे, माह्या माहेरचं इचारायचे, मैत्रीण इचारती तसं. लुगडं फेडलं की पुन्हा मालक. पाणी आण, बैल बघ. मला लुगड्यातले हे जास्त आवडायचे. असं कुणाला बोलता येतंय का.

अन् राजानं तालमीत त्यांचा हात धरला की ह्यांची मान खाली जायची, बराबर नव्या नवरीची जाती तशी. शेठजीचं पोरगं हात जरा जास्तच येळ धरून ठेवायचं. मास्तर म्हणायचे, छान, छान. माह्या अंगावर काटा यायचा. राग म्हणावा तर राग नव्हता. माहाच हात कुणी धरलाय असं वाटायचं, अन् माहा हात तर असा कधी कुणी धरला नव्हता. हिरीवर पोरं ह्यांना वहिनी म्हणायची. त्या दिवशी हे जेवताना गप असायचे, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा लुगडं मागायचे.

लेकरू खरं काहून घेतलं, तर आत्याबाईंमुळं. मास्तर म्हणाले, फडक्याची गुंडाळी करू. आत्याबाईंनी वसरीवरूनच सांगितलं, "रिकामं फडकं लेकरू म्हणून छातीशी धरायचं न्हाई. रिकामा पाळणा हलवत न्हाईत तसंच हे. माह्या घरात लहान लेकरू हाय, मला हे चालायचं न्हाई." आमच्याकडं हे सगळेच पाळतात. मास्तरला ते वेडं वाटलं, पण आमच्या मामंजींनीबी मान हलवली. मामंजी म्हंजे सासरे. मंग मास्तरच म्हणाले, लेकरू घरचंच हाय की, बाप घेऊन उभा राहील. मी पडद्यामागं बसावं, लेकरू द्यावं, परत घ्यावं.

नाटक दिवसाचं ठेवलं, बायांना बघता यावं म्हणून. शाळेपुढं बायका एका बाजूला, बाप्ये एका बाजूला. चांगलं लुगडं माह्याकडं एकच, हिरवं, लग्नातलं. ते मी सकाळपासून नेसून व्हते, कारण पाव्हणे आलते. ऐन येळेला पडद्यामागं मी ते फेडलं अन् ह्यांनी नेसलं, मी जुनेर नेसले. लुगडं माह्या अंगाचं गरम व्हतं. सकाळपासून लेकरू त्याच लुगड्यात पिलतं, पदराला दूध लागलेलं. ते धुवावं, न्हाईतर येगळं लुगडं कुणाचं मागून आणावं, हे ना मला सुचलं, ना ह्यांना, ना मास्तरला, जे सगळ्या गावाला अक्कल सांगतात. लेकराला काय कळतंय राजा अन् दरबार. त्याला मायचा वास आला, त्यानं तोंड घातलं.

तर मी पळाले. ह्यांच्या हातातून लेकरू घेतलं, पालथं केलं, तोंडात बोट घातलं. कापूस निघाला, ओला, लांब. मंग त्यानं श्वास घेतला अन् रडलं. एवढ्या जोरात रडलं की लोक गप झाले. मी तिथंच बसले, स्टेजावर, राजाच्या पायापाशी, अन् लेकराला पदराखाली घेतलं. दुसरं काय करणार. ते घाबरलेलं, मी घाबरलेली, दूध आपोआप आलं.

तेवढ्यावर निभावलं असतं. लोक म्हणले असते, माय हाय, लेकरू गुदमरलं, धावली.

पण शेठजीच्या पोराला पुढं काय करावं कळंना. घाबरला की माणूस पाठ केलेलं बोलतो. त्यानं हात लांब केला, अन् त्याचं पुढचं वाक्य म्हणून टाकलं, "कोण ही बाई? मी हिला ओळखत नाही. हे मूल माझं नाही."

पुन्हा हशा. मागून एकजण म्हणाला, "खरं सांग गं बाई, मंग कुणाचं हाय?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे माह्या शेजारी उभे व्हते, माहं लुगडं नेसून, मान खाली घालून. त्यांना बोलायचं व्हतं तिथं, पोरीचं वाक्य त्यांचंच व्हतं. हात जोडून रडायचं, महाराज, आठवा, आश्रमातला जाईचा वेल आठवा. मला ते पाठ व्हतं, मीच म्हणले असते तरी चाललं असतं. पण माह्या अंगात रडायचं त्राण नव्हतं. सकाळपासून पाव्हण्यांच्या भाकरी केलत्या. मी म्हणले,

"नका वळखू. तुमी वळखलं म्हणून हे माहं झालं न्हाई, न्हाई वळखलं म्हणून कमी व्हायचं न्हाई. त्याचं पोट भरलं की मी उठते. तवर गप बसा."

वरडून न्हाई बोलले. घरात बोलते तशीच बोलले. पण समोर शेठजी बसलेले, मामंजी बसलेले, पाटील बसलेले, अन् सगळे गप बसले. खरंच गप बसले. लेकरू पिऊन राह्यलं त्याचा आवाज ऐकू येत व्हता. मला आता भ्या वाटायला लागलं, उठावं तर लेकरू सोडंना. मी त्याला दुसऱ्या बाजूला घेतलं. तेवढा येळ कुणी खोकललंबी न्हाई. त्याचं पोट भरलं, मी उठले अन् पडद्याखालून निघून गेले. मागं मास्तर एकटेच टाळ्या वाजवत व्हते.

घरी आल्यावर मामंजी वरडले न्हाईत. वरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "धावली ते ठीक. बोलली कशाला? बाप्यांच्या बैठकीत, उरावर लेकरू घेऊन, गप बसा? घरच्या सुनेची तमाशातली बाई केली हिनं." हे कोपऱ्यात बसून तोंडावरचा रंग गोडेतेल लावून पुसून राह्यले व्हते. मामंजींनी इचारलं, "तू सांगितलं व्हतं तिला बोलायला?"

हे म्हणाले, "म्या न्हाई सांगितलं."

खरंच बोलले. त्यांनी सांगितलं नव्हतं. तरी मला वाटलं, अजून नाटकच चालू हाय.

मामंजींनी ठरवलं, हिला माहेरी धाडा. लेकरू अंगावर पितं म्हणून आता संगं जाऊ द्या, अंगावरचं तुटलं की आपण आणून घेऊ. हिचं मंग बघू. आत्याबाईंनी माही पिशवी भरली. त्यात पाळण्याची दोरीबी घातली.

मी भावासंगं जालन्यावरून बसनं मंठ्याकडं आले. तवापासून एकच भ्या. लेकराला अंगावरचंच पाजत राह्यले. शेजारच्या बाया म्हणायच्या, आता वरचं चालू कर, वरणाचं पाणी दे. मी म्हणायचे, त्याला पचत न्हाई. त्याला पचत व्हतं. त्यानं माह्या ताटातली भाकरी उचलून तोंडात घातली की मी काढून घ्यायचे. माही माय बघायची अन् तोंड फिरवायची. दिवसभर पाजून मला चक्कर यायची, पाठ धरायची, पण एक घोट वरचं दिलं की ते लेकरू तेवढं त्यांचं झालं, असा हिशेब माह्या डोक्यात बसलता.

उन्हाळा सरता सरता हे आले. एकटेच आले. बाजेवर बसले, पाणी पिले, लेकराला घेतलं. म्हणाले, घरी चल, आबा हो म्हणलेत. आबा म्हंजे मामंजी.

मला खरं वाटंना. "कसं काय?"

"आईनं केलं सगळं." मंग सांगितलं. आत्याबाई मी माहेरी निघाले त्याच दिवशी संध्याकाळी हिरीवर गेल्या अन् बायांना म्हणाल्या, तुमी बघितलं न्हाई का, तिचे केस सुटलते, डोळे कसे झालते, ती का माही सून व्हती? माही सून शेजाऱ्याशी तोंड वर करून बोलत न्हाई. ती देवी व्हती. तिच्या अंगात आलतं. देवीनं लेकरू वाचवलं अन् देवीच बोलली, गप बसा. अन् शेठजी गप बसले की न्हाई? पाटील बसले की न्हाई? माणसाच्या सांगण्यानं बसले असते का?

बायांना पटलं. बाप्यांना तर लवकरच पटलं, बाईच्या सांगण्यानं गप बसलो म्हणण्यापेक्षा देवीच्या सांगण्यानं बसलो हे बरं. शेठजींनी नारळ पाठवला. आता शुक्रवारी बाया कुंकू घेऊन दारात येतात अन् इचारतात, देवी कधी येणार परत. मामंजींनी वसरी सारवून घेतली.

हे म्हणाले, "तुला काय करायचं न्हाई. शुक्रवारी केस सोडून बसायचं, कुणी काही इचारलं तर जमंल तसं बोलायचं. निस्तं हो म्हण, अंगात आलतं म्हण. लेकरूबी राहील, तूबी राहशील. मानानं राहशील."

आत्याबाईंनी माह्यासाठी एवढं केलं. मला रडू आलं. त्यांना दुसरा रस्ता नव्हता, बाईला घरात परत घ्यायला त्यांच्याकडं एवढा एकच दरवाजा व्हता, तो त्यांनी उघडला.

मी ह्यांना इचारलं, "तुमी तर जवळ उभे व्हते. तुमाला काय दिसलं? देवी का मी?"

लेकरानं त्यांच्या सदऱ्यात तोंड घातलं, जुन्या सवयीनं, अन् तिथं काही न्हाई म्हणून वर बघितलं. ह्यांना हसू आलं. म्हणाले, "मला तर तूच दिसली."

"मंग घरी तसं सांगा."

"ते मला न्हाई जमायचं." मंग लुगड्यातल्या आवाजात बोलले, "तुला खोटं सांगत न्हाई. न्हाईच जमायचं."

मंग खुश होऊन दुसरी गोष्ट सांगितली. मास्तर आता भोकरदनला नाटक करणार हायेत. पोरगी आता हात जोडून रडत न्हाई. मास्तरनी माही वाक्यं नाटकात घातली. "म्हणून दाखवू का?" असं म्हणून उठले, माह्या मायचं जुनेर दोरीवर व्हतं ते खांद्यावर घेतलं, लेकरू छातीशी धरलं, अन् म्हणाले, नका वळखू. सगळं म्हणाले. "तवर गप बसा"च्या आधी थोडं थांबले. मी थांबले नव्हते. पण थांबल्यावर ते जास्त चांगलं वाटतं. माही माय चुलीपाशी बसून ऐकत व्हती, तिनं पदरानं डोळे पुसले. माह्याबी डोळ्यात पाणी आलं, इतकं चांगलं म्हणाले.

मास्तरनी माहं बोलणं ह्यांना दिलं, आत्याबाईंनी देवीला दिलं. मी जे बोलले ते एवढंच व्हतं, आयुष्यात दुसरं काही चारचौघांत बोलले न्हाई.

हे आत्ता बाहेर बाजेवर झोपलेत, लेकरू त्यांच्या बाजूला. दुपारची बस हाय. पिशवी भरलेली हाय, पाळण्याची दोरी पुन्हा तिच्यातच हाय. हो म्हणले तर लेकरू माहं, अन् दर शुक्रवारी केस सोडून, मी नव्हते, मी नव्हते, असं साऱ्या गावाला सांगत बसायचं. न्हाई म्हणले तर मीच व्हते, पण लेकरू किती दिवस? त्याला आता चार दात आलेत. ते चावतं. मी थकले.

तुमी लेकराच्या माया असाल, सुना असाल, कुणाच्या सासवा असाल. माह्या जागी तुमी असता, अन् बस यायला अजून थोडा येळ असता, तर तुमी काय केलं असतं?